कुंकवाचं बोट

मित्रांनो, मी एक जुना स्फटिक आहे. जुना हा शब्द मीच आधी वापरून टाकतो, कारण तो दुसऱ्या कुणी वापरला की मला राग येतो. अंगठ्याच्या नखाएवढा चौकोनी, काळपट, दोन मिलिमीटर जाड, एवढाच काय तो माझा जीव. नाशिकच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागाच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाच्या खणात, एका लाकडी डबीत मी राहतो. खणात माझ्या सोबतीला एक मोडकी फूटपट्टी, रबरबँडचा गुंता, आणि कुठल्या कुलपाच्या आहेत हे कुणालाच ठाऊक नसलेल्या तीन किल्ल्या असतात. समोरच्या भिंतीला काचेचं कपाट आहे. त्यात दिवा आहे, ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या पिशव्या आहेत, आणि तिथे नवे राहतात.

हा खण नीट लागत नाही. चार बोटं उघडाच राहतो. माझ्या डबीचं झाकणही सैल झालंय. त्यामुळे मला काचेचं कपाट दिवसभर दिसतं, आणि ते दिसतं हेच माझं दुखणं आहे. मी स्वभावाने मत्सरी आहे. आता या वयात ते लपवून काय मिळवायचं?

माझा जन्म मात्र थाटाचा. ढुंढिराज सरांनी मला घडवलं. सर पंचवटीतले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचं पौरोहित्य चालायचं, पण सरांना लहानपणापासून तारा आणि नळ्यांचा नाद. त्यांनी कॉलेजच्या मागच्या खोलीत स्वतःच्या हातांनी एक भट्टी उभारली. कॅडमियम आणि टेल्युरियम असे दोन धातूंसारखे चकचकीत पदार्थ काचेसारख्या नळीत बंद करून वितळवले, आणि वीस दिवस तो रस हळूहळू थंड होऊ दिला. घाई केली की स्फटिक तडकतो. माझ्याआधी सहा भावंडं अशीच तडकली. सातवा मी. मला कापलं, घासून आरशासारखं केलं आणि दोन्ही अंगांना सोन्याचा इतका पातळ मुलामा दिला की त्या सोन्याची चोरी करायलाही कुणी आलं नसतं.

माझं काम काय, ते सांगतो. काही किरण डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत. दवाखान्यात, अणुभट्टीत, प्रयोगशाळेत त्यांच्यावर पहारा ठेवावा लागतो. तो पहारा माझ्यासारखे स्फटिक करतात. किरण येऊन माझ्या एका अंगावर आदळला की आतले लाखो इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि दुसऱ्या अंगाकडे धावत सुटतात. ते पलीकडे पोहोचले तरच यंत्राला कळतं की किरण आला. पण प्रत्येक स्फटिकाच्या पोटात बारीक बारीक खड्डे असतात. इलेक्ट्रॉन त्यांत अडकतात आणि तिथेच राहतात. शंभरातले किती पोहोचले आणि किती अडकले, यावर स्फटिकाची लायकी ठरते.

सर मुलांना हे समजावताना फळ्यावर काहीच लिहीत नसत. म्हणत, "समजा, आमच्या पंचवटीच्या भाजीबाजारातून शंभर माणसं डोक्यावर पाटी घेऊन घाटाकडे निघाली. गल्ली अरुंद. मध्ये रिक्षा, मध्ये दुचाकी, मध्ये ओळखीचा माणूस भेटतो. काही जण अडकणारच. पण मागून रेटा चांगला असेल तर जास्त जण पोहोचतील. आपल्याला माणसं मोजायची नाहीत रे. गल्ली कशी आहे ते मोजायचंय." तो रेटा म्हणजे विजेचा दाब. तो द्यायचा, किरण सोडायचे आणि पलीकडे किती माल उतरला ते बघायचं. यंत्राच्या पट्टीवर माझा आकडा होता ८१२, म्हणजे शंभरातले नव्वद पोहोचले. पावसाळा असो, उन्हाळा असो, एखाद-दुसऱ्याने इकडेतिकडे, पण ८१२.

यावरून सरांनी एक रीत पाडली. दुसरा कुठलाही स्फटिक मोजायचा असला, तरी सकाळी पहिला मान माझा. मला मापनाच्या पेटीत ठेवायचं, झाकण लावायचं आणि आकडा बघायचा. ८१२ आला म्हणजे तारा ठीक, पेटी ठीक, यंत्र ठीक. मग बाकीच्यांची पाळी. "आधी याला विचारा," सर म्हणायचे. नोंदवहीत पहिला रकाना माझा असायचा. मित्रांनो, सगळ्यांच्या आधी विचारलं जाणं ही फार मोठी गोष्ट असते. ती गेल्यावरच कळतं.

सटाण्याकडचा कुंदन नावाचा एक विद्यार्थी पहिल्या दिवशी मला चिमट्यात धरून अहिराणीत म्हणाला होता, "सर, हाऊ ते काचना तुकडा शे." सगळा वर्ग हसला. अर्ध्या तासाने पडद्यावर ८१२ उमटला तेव्हा तोच कुंदन बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. पुढे दोन वर्षं तो मला स्वतःच्या रुमालाने झाकायचा. अशी माझी चलती होती.

पुढे सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी त्यांचीच विद्यार्थिनी आली, आभा. हुशार, चटपटीत, आणि सरांसारखीच भट्टीपुढे तासन्‌तास बसणारी. सुरुवातीला तीही सकाळी आधी मलाच विचारायची. मग विभागात नवी भट्टी आली, नवी ॲल्युमिनियमची पेटी आली आणि एक नवं यंत्र आलं. हे यंत्र सकाळी स्वतःच स्वतःला एक खोटा ठोका देतं आणि तो बरोबर आला की पडद्यावर हिरवी खूण दाखवतं. म्हणजे पेपर स्वतःच लिहायचा आणि स्वतःच तपासायचा. पण आभाचा वेळ वाचू लागला. एक दिवस मला विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. तिसऱ्या दिवशी माझी डबी टेबलावरून खणात गेली.

आणि मग नवा आला.

आभाने तीन वर्षं खपून तो बनवला होता. तिचेही तेरा तडकले, चौदावा हा. माझ्यापेक्षा अडीचपट जाड, रुंदीला दुप्पट, काळाभोर आणि इतका चकचकीत की खिडकीतलं आभाळ त्याच्यात दिसायचं. त्याच्यात कॅडमियम होतं, टेल्युरियम होतं आणि शिवाय जस्त होतं. या जस्ताचं फार कौतुक. जस्त असलं की म्हणे स्फटिक जास्त काटक होतो. मी खणातून ऐकत होतो. जस्त तर बादलीच्या पत्र्यालाही लावतात, म्हणून काय कुणी बादली काचेच्या कपाटात ठेवतं?

त्याच्यासाठी हातमोजे वेगळे. चिमटा वेगळा. त्याला बाहेर काढताना आभा श्वास रोखून धरायची. पहिल्या दोन दिवसांत त्याने शंभरातले ब्याण्णव इलेक्ट्रॉन पोहोचवून दाखवले, आणि आभाने त्याच्या कपाटाच्या काचेवर बोटाने हलकेच टकटक केली, जसं आपण एखाद्याच्या पाठीवर थाप मारतो. मला त्या टकटकीचा आवाज अजून आठवतो. माझी संख्या नव्वद होती. दोनच कमी. आणि मी तीस वर्षांपूर्वीच्या घरगुती भट्टीत झालेला, हेही कुणीतरी लक्षात घ्यायला हवं होतं.

त्या आकड्यावर बरंच काही अवलंबून होतं. दिवाळीच्या आधीच्या सोमवारी पाहणीसाठी समिती यायची होती. शंभरातले नव्वद पोहोचतात असं समितीसमोर दिसलं तर आभाची भट्टी चालू राहणार होती. नाही दिसलं तर भट्टी थंड करून ती खोली दुसऱ्या विभागाला द्यायची, असं पत्रच आलं होतं. आभाने ते पत्र भट्टीशेजारच्या भिंतीला चिकटवलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. ती भागुबाईंच्या हातची. भागुबाई आमच्या विभागात झाडलोट करतात, काचसामान धुतात आणि कुठली बाटली कुठे आहे हे प्राध्यापकांना सांगतात. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा आहे. दर वर्षी खंडेनवमीला त्या पहाटेची तोडलेली फुलं पाटीभर घेऊन येतात. त्या दिवशीही आल्या. यंत्रांच्या तारा काढून ठेवल्या होत्या, टेबलं पुसली होती, नवा कपाटात सुरक्षित होता.

आभा म्हणाली, "मावशी, पडद्याला कुंकू लावू नका हं. डाग जात नाही. बटणांनाही नको."

"नाय लावत," भागुबाई म्हणाल्या. "तुमच्या पडद्याला हात बी नाय लावायची."

त्यांनी शब्द पाळला. यंत्राच्या पाठीला हळदीकुंकू, भट्टीच्या पायाला हळदीकुंकू. नव्या पेटीपाशी आल्यावर मात्र त्या थांबल्या. पेटी सगळी करड्या पत्र्याची. फक्त एका बाजूला, जिथे विजेची जाड तार जोडतात तिथे, एक पांढरंशुभ्र गोल होतं. भागुबाईंनी वाटीतलं कुंकू पाण्याने कालवलं, म्हणजे ते नीट बसेल, आणि त्या पांढऱ्या गोलावर ठसठशीत बोट लावलं. मग पेटीला झेंडूची माळ घातली आणि हात जोडले. आभानेही जोडले.

मी खणातून बघत होतो. वाटलं, आता इकडे येतील. तीस वर्षं या खोलीत मीही राबलोय. भागुबाई आल्याही खणापाशी. त्यांनी वरून फडकं फिरवलं आणि खण मांडीने आत ढकलला. तो नेहमीसारखा चार बोटं उघडाच राहिला. त्या चार बोटांतून मला नव्याच्या पेटीवरचं ते लाल बोट दिवसभर दिसत होतं. खोटं का बोलू, मित्रांनो, मी जळलो. मला ब्याण्णव नको होते, कपाट नको होतं, मला ते कुंकवाचं बोट हवं होतं.

दसऱ्यानंतर आभाने तारा पुन्हा जोडल्या. पेटीची तार तिने सवयीने, न बघता फिरवून बसवली. यंत्राने हिरवी खूण दाखवली. नवा पेटीत गेला, आणि पडद्यावर आकडा आला अडुसष्ट.

शंभरातले अडुसष्ट. आभाने झाकण उघडून पुन्हा लावलं. अडुसष्ट. दुसऱ्या दिवशी पाऊस पडून गेला होता, त्या दिवशी पासष्ट. ऊन पडलं तेव्हा सत्तर. ती स्फटिक भिंगाखाली बघत बसली. कुठे तडा आहे का, कुठे सोनं सुटलंय का. काहीच नव्हतं. तिने यंत्राच्या मागच्या सगळ्या तारा बदलल्या. हिरवी खूण येतच होती, आणि आकडा वर जातच नव्हता. दहा-बारा दिवस असे गेले.

मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. रोज सकाळी पडद्याकडे बघून तिचा चेहरा उतरायचा आणि माझ्या मनात उकळ्या फुटायच्या. म्हणे जस्त. दोन दिवसांची ऐट आणि मग दमछाक. मी तीस वर्षं एका आकड्यावर उभा आहे. आता तरी आठवेल मी हिला, असं वाटायचं. तिच्या तीन वर्षांचं काय होणार, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मत्सरात एवढी जागा नसते.

शनिवार उजाडला. सोमवारी समिती. आभाने निर्णय घेतला की नव्याचं सोनं काढून टाकायचं, त्याची दोन्ही अंगं पुन्हा घासायची आणि नवा मुलामा द्यायचा. खराबी वरच्या थरात असेल तर निघून जाईल. जस्त असूनही तो इतका ठिसूळ की घासताना तडकण्याची भीती मोठी होती, हे तिलाही माहीत होतं. तिने घासायची काच धुऊन ठेवली, हातमोजे घातले, नवा बाहेर काढला. मी खणातून म्हणत होतो, घास, घास.

तेवढ्यात दारात ढुंढिराज सर उभे राहिले. धोतर-कोट नव्हे हं, साधा बुशशर्ट, हातात काठी आणि एक कागदी पुडी. गुडघ्यामुळे दसऱ्याला यायचं राहिलं होतं म्हणून आता आले होते. पुडीत वाळलेली आपट्याची पानं होती.

"सोनं घे," ते म्हणाले. "शिळं आहे, पण आहे." मग त्यांनी तिच्या हातातले मोजे बघितले. "काय चाललंय?"

आभाने सगळं सांगितलं. ब्याण्णव, मग अडुसष्ट, तारा, भिंग, सोमवार. सगळं ऐकून झाल्यावर सर म्हणाले, "जुन्याला विचारलंस का?"

आभाने खणाकडे बघितलं.

"कधीपासून नाही विचारलं?"

"सर, यंत्र स्वतःच तपासतं आता," ती म्हणाली, आणि स्वतःलाच ते उत्तर पटलं नाही असं तिच्या तोंडावर दिसलं. "पावसाळ्याच्या आधीपासून नाही विचारलं."

खण उघडला. आभाने किल्ल्या बाजूला सारल्या आणि माझी डबी बाहेर काढली. तिचा हात माझ्यावर किती दिवसांनी पडला. मला पेटीत ठेवताना मी नव्याकडे बघितलं. तो टेबलावर, सोनं काढायच्या तयारीत, उघडा पडला होता. मनात म्हटलं, बघ आता. आठशे बारा म्हणजे काय असतं ते बघ.

झाकण लागलं. अंधार झाला. किरण येऊन आदळला, माझे इलेक्ट्रॉन सुटले, आणि मी रेट्याची वाट बघू लागलो. रेटा आलाच नाही. म्हणजे आला, पण दमलेल्या माणसाने पाठीवर हात ठेवावा तसा आला. माझे इलेक्ट्रॉन निघाले, रेंगाळले, आणि माझ्याच खड्ड्यांत पटापट बसू लागले. मी सगळा जोर लावला. स्फटिकाला जोर लावता येत नाही, तरी लावला. बाहेर आभाने आकडा वाचला.

"पाचशे सहासष्ट."

मित्रांनो, ज्या पेटीत जायला मी तळमळत होतो, तिच्यातच माझी लाज गेली. तीही नव्याच्या समोर. मला वाटलं, झालं, आपलं वय झालं. खणातल्या फूटपट्टीत आणि आपल्यात आता फरक नाही. आभाही तेच म्हणाली, "सर, हाही गेला."

सर खुर्चीत नीट बसले. "एक तीस वर्षांचा, एक जेमतेम महिन्याचा. दोघं एकदम म्हातारे कसे होतील?" ते म्हणाले. "दोघं ज्यात जेवले ते ताट एकच आहे बघ. माझी मापनाची जुनी पितळी पेटी आहे का अजून?"

पितळी पेटी कुठे आहे ते भागुबाईंना माहीत होतं. त्यांनी ती माळ्यावरून काढली, पुसली. मला तिच्यात ठेवलं. या पेटीत मी आयुष्य काढलं होतं. रेटा आला तो ओळखीचा आला, पहिल्यासारखा, सरळ. माझे इलेक्ट्रॉन सुसाट निघाले. या वेळी आकडा सरांनी चष्मा लावून वाचला.

"आठशे अकरा. एकाने उतरलाय. चालायचंच."

मग दोष नव्या पेटीचा. आभाने वीज बंद केली, थोडी वाट बघितली, आणि ती जाड तार फिरवून काढली. आत टॉर्च मारला. पांढऱ्या गोलावर लाल बोट तसंच होतं, थोडं पसरलेलं, दमट. ते पांढरं गोल मुद्दाम अशा पदार्थाचं असतं की ज्याच्यावरून वीज जराही सरकू नये. भागुबाईंच्या ओल्या कुंकवाने तिथे वाट पाडली होती. यंत्रावर दाब पूर्ण दिसत होता, पण तो त्या वाटेने पत्र्यात झिरपून जायचा, आणि आतल्या स्फटिकापर्यंत त्याचा पाचवा हिस्सा पोहोचायचा. हवेत ओल असली की आणखी कमी. यंत्राची हिरवी खूण पेटीच्या पुढचं सगळं तपासत होती. पेटीतली वीज तपासायला माझ्यासारखा कुणीतरी आत बसावा लागतो.

भागुबाई मागे उभ्या होत्या. त्यांना टॉर्चच्या उजेडात काय दिसलं ते त्यांनी लगेच ओळखलं.

"म्याच लावलं ते," त्या म्हणाल्या. "तुम्ही पडद्याला नको म्हणलात. मंग कुठं लावावं? ह्ये पांढरं गोल दिसलं, कपाळावानी. म्हणलं, हितं शोभंल." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "तुमची तीन वर्सं म्या कुंकवात घातली."

मला वाटलं, आता आभा चिडेल. ती टॉर्च बंद करून म्हणाली, "मावशी, तुम्ही लावलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. हात जोडून. आणि ज्याला विचारायला हवं होतं, त्याला मी खणात टाकलं होतं." मग तिने कापूस आणि स्पिरिटची बाटली भागुबाईंच्याच हातात दिली. "तुम्हीच पुसा. तुमचा हात हलका आहे."

भागुबाईंनी ते बोट पुसलं. कापसाचे तीन बोळे लाल झाले. मी झाकण उघडलेल्या पितळी पेटीतून बघत होतो. ज्या बोटासाठी मी पंधरवडाभर जळत होतो ते असं निघून कचऱ्याच्या डब्यात गेलं.

मग आभाने घासायची काच उचलून ठेवली आणि नव्याला, सोन्यासकट, तसाच पेटीत ठेवला. ब्याण्णव आला. तिने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. सरांनी शिळं सोनं तिच्या वहीत ठेवलं.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात दोन गोष्टी एकदम होत्या. एक म्हणजे, परत ब्याण्णव, परत माझ्यापेक्षा दोन जास्त. आणि दुसरी अशी, की मी त्या दिवशी नापास झालो नसतो तर नवा सोमवारपर्यंत घासून तडकला असता. माझ्या हजारो सकाळी बरोबर आकडा देण्यात गेल्या. पण खरा उपयोग झाला तो एका चुकलेल्या आकड्याचा. पाचशे सहासष्ट. आभाने तो नोंदवहीत लिहिला आणि त्याच्याभोवती लाल गोल काढला. माझ्या रकान्यात तेवढा एकच गोल आहे.

सोमवारी समिती आली. त्यांनी नव्याला तीनदा मोजलं, मग भट्टी बघितली. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "तुमची मापनं बरोबर आहेत याची खात्री कशी करता?" आभाने मला पुढे केलं. बाईंनी मला भिंगातून बघितलं, नोंदवहीची जुनी पानं चाळली आणि लाल गोलापाशी थांबून कारण विचारलं. आभाने न लपवता कुंकवाची गोष्ट सांगितली. दारात उभ्या असलेल्या भागुबाई आधी घाबरल्या, मग बाईंना हसताना बघून त्याही हसल्या. भिंतीवरचं पत्र त्याच आठवड्यात निघालं. भट्टी चालू आहे. काचेच्या कपाटात आता आणखी दोघे आले आहेत, आणि तेही मला आवडत नाहीत.

रीत मात्र परत सुरू झाली आहे. रोज सकाळी आधी मी. आभा उशिरा आली असली, तरी हातातली पिशवी न ठेवता आधी माझी डबी काढते. मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत असं काहीतरी जुनं असेल. एखादा तराजू, एखादं घड्याळ, एखादी फूटपट्टी, किंवा एखादं माणूस. नवं आलं म्हणून त्याला खणात ढकलू नका. त्याला रोज एकदा विचारत जा. ते चुकलं तर लगेच म्हातारं झालं असंही म्हणू नका. कदाचित ते तुम्हाला तुमचीच चूक दाखवत असेल. आणि मत्सराचं म्हणाल, तर तो एकदम जात नाही. माझा गेलेला नाही. पण त्याला घेऊनही काम बरोबर करता येतं, एवढं मला कळलं आहे.

यंदाच्या खंडेनवमीला भागुबाई पाटी घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "आता म्या कायलाच हात लावायची नाय," त्या म्हणाल्या. "फुलं ठिवते टेबलावर. कुंकू मंग घरी न्हेते."

आभाने खण उघडला आणि माझी लाकडी डबी टेबलाच्या मधोमध ठेवली. झाकण घट्ट लावलं. "याला लावा, मावशी," ती म्हणाली. "ही डबी कशालाच जोडलेली नसते."

भागुबाईंनी कुंकू कालवलं आणि झाकणावर ठसठशीत बोट लावलं. लाकडातून त्याचा गारवा माझ्यापर्यंत आला. सबंध खोलीत कुंकू लागलं ते एवढंच. समोर काचेच्या कपाटात तिघे नवे होते. त्यांना काय वाटत असेल हे मला चांगलं माहीत होतं, म्हणून मी तिकडे बघायचं टाळलं.